सीलबंद बाटलीतली चोरी

"सील शाबूत होतं, आणि आतलं औषध गायब," सरकारी प्रयोगशाळेतली केमिस्ट मुलगी म्हणाली. "साहेब म्हणतात, मी रिपोर्ट रचला. उद्यापासून येऊ नकोस म्हणाले."

तपास करणाऱ्या वहिनी शांतपणे ऐकत होत्या. त्यांचे दीर, भाऊजी, आधीच तापले होते. भाऊजींचा राग नाकावर असतो, ट्यूब मात्र उशिरा पेटते.

औषध कारखान्याच्या झाकलेल्या नाल्यात या मुलीला अँटिबायोटिक सापडलं होतं. त्याच नाल्याला लागून खालच्या वस्तीच्या विहिरी होत्या. कारखान्याने हरकत घेतली, म्हणून त्याच नमुन्याची राखून ठेवलेली दुसरी बाटली तपासली. तिच्यात औषधाचा पत्ताच नव्हता.

"झाकणाला सील, अंगाला काळा कागद, अशी नियमाप्रमाणे स्टोअरमध्ये दिली होती मी," ती म्हणाली. "फेरतपासणीला मला जवळही येऊ दिलं नाही."

प्रयोगशाळेत साहेबांनी बाटली पुढे केली. तळाशी थोडं पाणी उरलं होतं.

"सील मी स्वतः तोडलं. तोवर कुणी हात लावला नव्हता."

"लेबलावरची सही एवढी फिकी कशी?" वहिनींनी विचारलं.

"स्वस्तातली शाई, दुसरं काय."

कारखान्याचा अधिकारी हसला. "साहेबांनी सील तोडलं तेव्हाच मी पहिल्यांदा इथे आलो. माझ्यावर संशय घेऊ नका."

स्टोअरकीपर मुलीचेच वडील निघाले. टेबल खिडकीला लागून, पाण्याच्या तांब्याखाली घडी घातलेला काळा कागद.

"बाटली कायम माझ्या नजरेसमोर होती," ते छाती फुगवून म्हणाले. "पोरीची पहिली मोठी केस. येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायचो, पण लांबून."

वहिनींनी खिडकीच्या कट्ट्यावरच्या धुळीत उमटलेला, बाटलीच्या बुडाएवढा गोल पाहिला, आणि सगळ्यांना तिथेच बोलावलं.

"चोर कोण?" भाऊजींनी विचारलं.

"ऊन. त्याला सील तोडावं लागत नाही. सहीची शाई उडाली ती उन्हानेच. बाटली या गोलावर उभी होती, आणि तिचा कागद तांब्याखाली आहे."

वडील उभे राहिले. चेहरा पार उतरला होता. "कागद मी काढला. तिची सही दिसावी म्हणून. साहेब, मला काढा, तिला नको."

"मग नाल्यावर ऊन पडत नाही का?" अधिकाऱ्याने विचारलं.

उत्तर मुलीने दिलं. "नाला तुम्हीच झाकलाय. शिवाय पाणी गढूळ. ऊन आत पोचतच नाही. बाटलीत गाळ खाली बसला, ऊन पोचलं आणि औषध मोडलं. पण मोडलेले तुकडे पाण्यातच राहतात. साहेब, ते शोधा. औषध नव्हतंच, तर तुकडे आले कुठून?"

संध्याकाळी साहेब यंत्रापासून उठले. तुकडे त्याच औषधाचे होते. त्यांनी रिपोर्टवर सही केली आणि कारखान्याला नोटीस काढायला सांगितलं.

"बाई, चूक माझी," ते मुलीला म्हणाले. " तुमचं कामच तुमच्या बाजूने बोललं."

भाऊजींचे डोळे भरून आले. आपण काहीच केलं नाही, याचं त्यांना अजिबात वाईट वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी मुलीने नवा नमुना काळ्या कागदात गुंडाळून वडिलांच्या हाती दिला. ते तो धरायलाही कचरत होते.

"घ्या, बाबा. ही बाटली कपाटात ठेवा. आणि कुणाला काही दाखवायचंच असेल, तर बाटली नको, मला दाखवा. मी इथेच आहे."