चाकांवरचं घर

दोष वलीचाचाचा होता. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण चाचा स्वतः गोष्ट सांगतो तेव्हा नेमकं तेवढंच गाळतो.

कतारात, अल मुंतझातल्या बिल्डिंगची गच्ची, शुक्रवारची रात्र, बिर्याणीचा टोप खरवडून झालेला. चाचाने पाय पसरले की पोरं जवळ सरकतात. "माझ्या ओळखीतला एक पोरगा होता," चाचा सुरू करतो. "खरी गोष्ट आहे. उगाच खी-खी करायचं नाही." हा ओळखीतला पोरगा म्हणजे चाचाचा सख्खा पुतण्या रमीज. तो तिथेच, पाण्याच्या टाकीला टेकून बसलेला असतो. पायांत मोजे, उन्हाळ्यातसुद्धा. चाचा त्याच्याकडे बघत नाही.

रमीजने महाडला डिप्लोमा दुसऱ्या वर्षात सोडला आणि चाचाने त्याला कतारला आणला. 'आणला' हा शब्द चाचाचाच. मच्छी आणावी तसा. रास लफानच्या गॅस प्लांटच्या बाजूला एका ठेकेदाराकडे चाचा सुपरवायझर, रमीज हेल्पर. त्यांच्यावर टॅलबट नावाचा अमेरिकन इंजिनिअर. गडगडून हसणारा, चहात चार चमचे साखर घालणारा माणूस.

टॅलबटच्या गावाचं नावही टॅलबट. एक पेट्रोल पंप, तीन चर्च, बाकी मका. त्याच्या खापरपणजोबाने वसवलेलं. तेव्हा सरकार माळरानावरची जमीन फुकट वाटत होतं. अट एवढीच, की जमिनीवर घर हवं आणि घरात माणूस राहायला हवा. खापरपणजोबाने एक लाकडी खोली बांधली, तिला चाकं लावली आणि बैल जुंपले. एका प्लॉटवर तपासनीस येऊन गेला की खोली ओढून पुढच्या प्लॉटवर. तपासनीस दार वाजवून विचारायचा, इथे कोण राहतं? आतून आवाज यायचा, मी राहतो. असे चार प्लॉट झाले. त्यांच्यावर आज अख्खं गाव उभं आहे. वर्षातून एकदा तसलीच खोली गावातून मिरवतात, बँड लावून.

"पण आत राहायचं कोण?" रमीजने विचारलं होतं. "तुमचे खापरपणजोबा?"

"छे! ते शहरात, हॉटेलात. आत एक गडी ठेवला होता. एका हिवाळ्यात बर्फात गोठून मेला बिचारा."

"नाव काय त्याचं?"

टॅलबटने खांदे उडवले. ते कुणाला ठाऊक असणार?

"आणि त्याच्या आधी तिथे कोण राहायचं?"

"कुणीच नाही," टॅलबट म्हणाला आणि हसला. चाचाही हसला. साहेब हसला की चाचा हसतो.

चाचाला ही गोष्ट फार आवडली. आवडणारच. गावाला समीनाफुफीच्या नारळीच्या बागेत याने खोपटं बांधलं होतं, त्यात गडी झोपवला होता आणि पुढे वहिवाट दाखवून अर्धी बाग आपल्या नावावर केली होती. सख्ख्या बहिणीची.

जानेवारीत साईटशेजारच्या मोकळ्या जमिनीचा प्रश्न निघाला. सामान ठेवायला ती जागा दुसऱ्या ठेकेदारालाही हवी होती. मालक कंपनीचा माणूस शुक्रवारी सकाळी बघायला येणार होता, आणि जो जागा वापरत असेल त्याला ती मिळणार होती. चाचाने टॅलबटला डोळा मारला. सोळा जानेवारी, गुरुवार, मगरिबच्या नमाजानंतर त्याने एक पत्र्याची पोर्टाकेबिन लोडरने ओढून त्या जमिनीच्या मधोमध नेऊन ठेवली. आत एक खाट.

"आजची रात्र इथे झोपायचं," चाचा रमीजला म्हणाला. "कुणी येऊन विचारलं तर एकच बोलायचं. आय लिव्ह हिअर. दार उघडायचं नाही, बाहेर पाय टाकायचा नाही. पाय टाकलास की जागा रिकामी."

"लाइट?"

"जनरेटर उद्या. इन्शाल्ला."

"थंडी वाजेल, चाचा."

"कतारात कसली रे थंडी? बायकांसारखं करू नकोस. एवढी रात्र काढ, रविवारपासून तू स्टोअरकीपर. हेल्परकी खलास. पळालास, तर रविवारी मुंबईचं विमान."

रमीजला स्टोअरकीपर व्हायचं होतं. उन्हात पाईप उचलून उचलून त्याचे खांदे गेले होते, आणि गावी परत जायला तोंड नव्हतं. तो ब्लँकेट घेऊन आत गेला आणि त्याने कडी लावली.

दहापर्यंत तो मोबाईलवर क्रिकेट बघत होता. मग मोबाईल मेला. बाहेर धुकं होतं. लांब प्लांटची ज्योत धुक्यात नारिंगी डागासारखी दिसत होती. त्याला झोप लागली.

दार वाजलं.

"हू लिव्हज् हिअर?"

कंपनीचा माणूस रात्रीच आला असणार, असं रमीजला वाटलं. तो उठून बसला आणि शिकवल्याप्रमाणे म्हणाला, "आय लिव्ह हिअर, सर."

बाहेर शांतता. आलेला माणूस परत गेल्याचा आवाज आला नाही.

मग केबिन हलली.

आधी एक हिसका. मग सरकायला लागली. खालच्या लोखंडी पट्ट्या वाळूत करकरत होत्या. लोडर आला म्हणावं, तर इंजिनचा आवाज नाही. फक्त श्वास. मोठे, ओले श्वास. दोन जनावरांचे. आणि गोठ्याचा वास. हा वास रमीज जन्मापासून ओळखत होता... इथे, वाळवंटात, तो कुठून येणार?

केबिन थांबली. दार वाजलं.

"हू लिव्हज् हिअर?"

तोच आवाज. तेच शब्द. रमीजने कडीवर हात ठेवला. लोखंड इतकं गार होतं की बोटं चिकटली. बाहेर पाय टाकलास की जागा रिकामी. त्याने हात सोडवला.

"आय लिव्ह हिअर."

पुन्हा हिसका. पुन्हा करकर. आता तोंडातून वाफ येत होती. ब्लँकेट कडक झालं होतं, वाळत घातलेल्या कातड्यासारखं. पाय दुखत होते. मग दुखायचे थांबले. ते जास्त वाईट होतं.

थांबली. दार.

"हू लिव्हज् हिअर?"

"आय... लिव्ह..."

तेवढंही पुरलं. केबिन निघाली.

तीनदा उत्तर देऊन झालं होतं. रमीजला टॅलबटचे चार प्लॉट आठवले. त्याने ठरवलं, आता बोलायचं नाही. जागा गेली तर जाऊ दे. चाचाची, टॅलबटची, कुणाचीही. त्याने दोन्ही हात तोंडावर दाबले.

थांबली.

दार.

"हू लिव्हज् हिअर?"

तो बोलला नाही.

...

खाटेवर, त्याच्या पाठीमागे, कुणीतरी कूस बदलली. आणि त्याच्या कानाजवळ अगदी दमलेल्या आवाजात उत्तर आलं.

"आय लिव्ह हिअर."

सकाळी चाचा थर्मास घेऊन आला. केबिन होती तिथेच होती. काल लोडरने ओढल्याची सोडून वाळूत दुसरी रेघ नव्हती. पाठोपाठ कंपनीचा माणूस आला. चाचाने पहार घालून दार उघडलं आणि खाटेवर मुटकुळं होऊन पडलेल्या रमीजकडे बोट दाखवलं.

"सी, सर? ही लिव्हज् हिअर."

जागा मिळाली.

हॉस्पिटलात डॉक्टर अरुणकुमारांनी मोजे कापून काढले. "हे बर्फात होतं," ते म्हणाले. "फ्रोझन गोडाऊनमध्ये कामाला आहेस का?" नर्सने पत्ता विचारला, वेअर डू यू लिव्ह? रमीजने तोंड उघडलं नाही. पत्ता चाचाने सांगितला.

स्टोअरकीपर दुसराच झाला. स्टोअरमध्ये दिवसभर उभं राहावं लागतं, असं चाचाने सांगितलं.

गच्चीवर गोष्ट इथवर येते तेव्हा पोरं एकमेकांना चिकटलेली असतात.

"चाचा, बट हू टोल्ड हिम नॉट टु ओपन द डोअर?" अरहान विचारतो.

चाचा दात कोरतो. "साहेबाने."

"अँड दॅट गाय? इज ही ओके?" जिक्राला विचारल्याशिवाय राहवत नाही.

"मजेत आहे. खातोय, पितोय. यल्ला, झोपायला पळा आता."

आणखी एक गोष्ट चाचा सांगत नाही. त्या सकाळी केबिनपुढे वाळूत खूर उमटले होते. उंटाचे नव्हते, उंटाचा पाय गादीसारखा पडतो. हे फाटलेले खूर होते, बैलजोडीचे, शेजारी शेजारी. धुक्यातून सरळ दारापर्यंत आलेले. परत गेलेले नव्हते. चाचाने ते चपलेने पुसले. रमीजने स्ट्रेचरवरून बघितलं.

रमीजच्या उजव्या पायाची दोन बोटं कापली. डाव्या पायाची सगळी आहेत, पण त्यांना काही कळत नाही.