एक्केचाळिसावा दगड

मार्गनियंत्रण केंद्राच्या पडद्यावरून कोंडाळ घाटाची जुनी वळणं पुसायची, तर हेमांगी सुर्वेला फक्त एक कळ दाबायची होती. पण तिचे वरिष्ठ डॉ. उपासनी अडून बसले होते. मुरलेला माणूस, घाई कशाशी खातात ते ठाऊक नाही.

"बोगदा झाला, रस्ता बारा किलोमीटरनं आखडला, सगळं मान्य. पण जुना घाट नकाशातून उडवायलाच हवा का?"

"सर, आपल्या रेषीय संदर्भप्रणालीत जागेला स्वतःचा पत्ता नसतो. अमुक मार्ग, आरंभापासून तमुक अंतर, एवढीच तिची ओळख. एकाच मार्गाला दोन मोजण्या ठेवल्या, तर बिनचालकाच्या गाड्यांनी कुठली धरायची? एका म्यानात दोन तलवारी नाही राहत."

"आणि घाटात राहणारी माणसं?"

"एकच घर उरलंय, माझ्या आत्याचं." हेमांगी हसली. "ती अजून 'एक्केचाळीसच्या दगडापाशी' असाच पत्ता सांगते. आता ते आकडे चुकणार, म्हणून मी ते अंतराचे दगड बादच केलेत. फोन आला की यंत्रणा फोनची जागा बघते आणि चालू मार्गावरचा सर्वांत जवळचा बिंदू शोधून गाडी तिथं धाडते."

आत्यासाठीच तिने ही सोय जीव ओतून केली होती, आणि त्याचा तिला अभिमानही होता. उपासनींनी मान डोलावली. तिने कळ दाबली.

आठवडाभरातच आत्याचा फोन आला. "हेमे, यांच्या छातीत कळ आलीया गं! घामानं भिजल्यात नुसते."

"घाबरू नकोस, गाडी निघालीच."

बिनचालकाची रुग्णवाहिका खरोखरच निघाली होती. पडद्यावरचा हिरवा ठिपका सुसाट पळत होता. थोड्याच वेळात गाडीचा निरोप उमटला: 'पोहोचले. रुग्ण दिसत नाही.'

"आत्या, दारात बघ. गाडी उभी आहे."

"अगं, दारात कुत्रं बी न्हाई."

हेमांगीने ठिपका मोठा करून पाहिला. गाडी बोगद्यात उभी होती. बोगदा आत्याच्याच डोंगरातून गेला होता, आणि सपाट नकाशाला डोंगराची उंची कळत नव्हती. तिने हुकूम दिला, जुन्या घाटाने वर जा.

'असा रस्ता नाही,' गाडीने कळवलं. 'रुग्णापर्यंतचे अंतर शून्य.'

उपासनी स्वतःच्या मोटारीची किल्ली घेऊन धावले. घाट तिथून दोन तासांवर होता, हे दोघांनाही ठाऊक होतं.

"हेमे, बोल की! हे डोळं उघडंनात. कुठवर आली गाडी?"

हेमांगीला रडू आवरेना. "आत्या, तुझ्या पायाखाली आहे गं."