पाय ठेवायच्या आधी

ब्रेकची तक्रार घेऊन आलेल्या माणसाचं मी आधी पूर्ण ऐकून घेतो, गाडीला हात नंतर लावतो. अर्धा दोष बोलण्यातच सापडतो. बत्तीस वर्षं हेच करतोय. त्या मंगळवारी सकाळी साडेदहाला ग्रंथालयातल्या बाई आपली जुनी करडी गाडी घेऊन आल्या, तेव्हाही मी स्टुलावर बसलो आणि म्हटलं, "बोला."

बाई तिशीच्या. दिवसभर पुस्तकांत राहून आवाज इतका बारीक झालेला, की त्यांचं ऐकायचं म्हणजे मला हवेचा पंप बंद करावा लागतो.

"काका, ब्रेकच्या पेडलचा भरवसा राहिला नाही. कधी तळापर्यंत जातं, काही लागतच नाही. कधी दगडासारखं कडक."

"आणखी?"

त्या जरा घुटमळल्या. "कधी कधी मी पाय ठेवते, तर ते... आधीच दाबलेलं असतं."

मला हसू आलं होतं, ते मी गिळलं. "दाबल्यावर वर येत नसेल. स्प्रिंग गेली असेल."

"असेल. पण गाडी थांबते ना. मी दाबायच्या आधी थांबते. गेल्या शुक्रवारी अशीच थांबली आणि मग वळणावरून ट्रक आला. पार आमच्या बाजूने."

मी उठून बॉनेट उघडलं.

वेळ थोडा होता. त्यांच्या आईला दर मंगळवारी आणि शुक्रवारी तीन वाजता डायलिसिससाठी खालच्या रुग्णालयात न्यावं लागतं. माझं गॅरेज उताराच्या माथ्यावर. इथून रस्ता आधी सरळसोट खाली जातो आणि मग तीन वळणं घेतो. या वस्तीला बस नाही, रिक्षा नाही आणि त्या आजारात पाळी चुकवून चालत नाही. साडेचार तासांनी दोन जीव या गाडीतून तो उतार उतरणार होते आणि त्यांचा भार माझ्या पान्यावर होता.

ब्रेक ऑइलची डबी उघडली. कोरडी ठणठणीत. तळाशी काळा गाळ, तोसुद्धा वाळून तडकलेला. मागच्या चाकांकडे जाणारी नळी गंजून मधोमध तुटली होती, आणि तुटलेल्या टोकांवरही गंज चढलेला. पुढची दोन्ही चाकं खोलली. आतली रबरं सुकून कुरकुरीत. त्या गाडीत थेंबभर ऑइल नव्हतं, आणि हे काही काल-परवाचं नव्हतं.

"हँडब्रेकवर चालवता का?" मी विचारलं.

"तो तर कधीचाच तुटलाय, काका. तुम्हीच म्हणाला होतात, पुढच्या खेपेला बघू."

मी म्हणालो होतो खरं. मान खाली घालून मागच्या चाकाच्या ड्रमला हात लावला आणि झटकन मागे घेतला. चांगलाच तापला होता. ड्रम तापतो तो ब्रेक लागल्यावर. म्हणजे त्या सकाळी खालच्या ग्रंथालयातून वर येताना गाडीने ब्रेक मारले होते, आणि ज्याच्या जोरावर ब्रेक लागतात ते ऑइलच गाडीत नव्हतं. मी आणखी एकदा डबी पाहिली. मग नळी पाहिली. मग उगाचच हात पुसत उभा राहिलो.

गाडी त्यांच्या वडिलांची. ते पोस्टात होते. आम्ही गॅरेजात त्यांना सावकाशराव म्हणायचो, कारण बोलणं कुठूनही सुरू झालं तरी शेवट "सावकाश" असाच व्हायचा. ताकच काय, पाणीसुद्धा फुंकून प्यायचे. दोन वर्षांपूर्वी झोपेतच गेले. मुलीला गाडी त्यांनीच शिकवली होती.

"बाबा शेजारी बसायचे आणि त्यांच्या बाजूला ब्रेक असल्यासारखा पाय दाबायचे," बाई म्हणाल्या. "मी हसायचे. म्हणायचे, बाबा, तिथे काही नाहीये."

"सगळेच बाप दाबतात," मी म्हटलं आणि कामाला लागलो.

नवीन नळी घातली. मास्टर सिलिंडर बदलला, चारही चाकांची रबरं बदलली, हँडब्रेकची तारही घातली. दोन वाजत आले. आता राहिली होती नळ्यांमधली हवा काढायची. हे काम एकट्याचं नाही. एकाने वर बसून पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने चाकापाशी स्क्रू ढिला करून हवा सोडायची, स्क्रू आवळल्यावरच वरच्याने पाय काढायचा. बाई सीटवर बसल्या. मी गाडीखालच्या खड्ड्यात उतरलो. वर भर दुपारचं ऊन, खाली ओला गारवा, जळक्या तेलाचा वास आणि माझा हातदिवा.

"दाबा... धरा... सोडा."

पहिलं चाक झालं. दुसरं झालं. तिसऱ्याकडे सरकताना दिव्याचा उजेड शेजारच्या सीटपुढच्या, पाय ठेवायच्या पत्र्यावर पडला. पत्रा खाली फुगला होता. आधी वाटलं, कुणीतरी भलत्याच जागी जॅक लावला असेल. पण जॅकने पत्रा वर चेपतो. हा वरून खाली आला होता. पुढे रुंद, मागे टाचेएवढा गोल. कडेचा रंग ताजा उडालेला, आतलं लोखंड अजून चकाकत होतं.

"दाबा," म्हणायला मी तोंड उघडलं. शब्द बाहेर पडायच्या आधीच पत्र्यातून आवाज आला. टुक्... आणि तो फुगवटा माझ्या डोळ्यांदेखत बोटभर खाली उतरला.

"बाई... शेजारी पाय ठेवलाय का तुम्ही?"

"नाही, काका. माझे दोन्ही पाय इकडेच आहेत." मग अगदी हळू, "का?"

मी स्क्रू ढिला केला, बुडबुडे आले, स्क्रू आवळला. "सोडा" म्हणायच्या आधी पत्रा वर गेला. चौथ्या चाकालाही तसंच. पेडल दाबून धरणारी शेकडो माणसं मी पाहिलीत. पाय थरथरतो, मध्येच ढिला पडतो, लोक कंटाळतात. हा पाय तसूभर हलत नव्हता. भीती वाटली, खोटं कशाला सांगू. पण भीतीहून मोठं काहीतरी माझ्यात भरून येत होतं. किती महिने हा माणूस, जिथे ब्रेक नाही तिथे पाय रोवून, ही अख्खी गाडी त्या उतारावर धरून होता. त्या खड्ड्यात मी डोक्यावरची टोपी काढली.

बाईंना काही सांगितलं नाही. पाहून येतो म्हटलं आणि एकटाच गाडी घेऊन उतार उतरलो. पेडल पक्कं झालं होतं. पाय ठेवावा तिथेच ब्रेक लागत होता. पहिल्या वळणावर शेजारून आवाज आला, टुक्. मी रस्त्यावरची नजर न काढता म्हटलं, "सावकाशराव, नळी नवी आहे, सिलिंडर नवा आहे. माझ्या पोरीला बसवलं असतं इतकं चोख काम केलंय. आता पाय काढा. दमला असाल." दुसऱ्या वळणावर आवाज नाही. तिसऱ्यावर नाही. परत येताना सगळ्या रस्त्यात नाही. वाटलं, सुटला माणूस.

पावणेतीनला आई काठी टेकत आल्या. त्यांनी पुढचं दार उघडलं, आत पाहिलं, आणि कुणी झोपलेल्या खोलीचं लावावं तसं अलगद लावून घेतलं.

"मी मागेच बसते," त्या मुलीला म्हणाल्या. मुलीला त्याचं काही वाटलेलं दिसलं नाही. ती चालकाच्या सीटवर जाऊन बसली.

मी आईंना हात देऊन मागे बसवलं आणि हळूच म्हटलं, "पुढे बसलात तरी चाललं असतं, वहिनी. ब्रेक आता पक्के आहेत. पोरीचे बाबा... मोकळे झाले."

आईंनी माझ्याकडे पाहिलं. मी काय म्हणतोय हे त्यांना नीट कळलं होतं.

"तुमचं काम चोखच असतं, भावजी. ब्रेकसाठी ते बसले असते तर आता उतरले असते." मग आवाज आणखी खाली आणून म्हणाल्या, "त्यांना पुढे काहीतरी दिसतंय."

थांबवणार कसं? तीनची पाळी होती. मी दारात उभा राहिलो. गाडी सरळ उतारावर निघाली. मधोमध, जिथे वळण नाही, फाटा नाही, झाडसुद्धा नाही, तिथे मागचे लाल दिवे लागले. ते दिवे पेडल दाबल्याशिवाय लागत नाहीत, ती तार मीच जोडली आहे. गाडी उभी राहिली. रस्ता रिकामा होता. कुणी रस्ता ओलांडायला जेवढा वेळ लागावा तेवढ्याने दिवे विझले आणि गाडी पुढे गेली.

साडेसातला त्या दोघी सुखरूप परतल्या. बाई म्हणाल्या, "ब्रेक सुरेख आहेत, मध्ये सरळ रस्त्यावर एकदा गाडी जरा थबकली, पण मी तर पाय लावला नव्हता." मागच्या सीटवर आई डोळे मिटून बसल्या होत्या.

त्याला आता पाच महिने झाले. सगळा ब्रेक मी दोनदा उघडून पाहिला. दोष नाही. दर मंगळवारी आणि शुक्रवारी तीनला मी हातातलं काम टाकून दारात उभा राहतो. त्या जागी दिवे लागतात, जरा वेळ राहतात आणि विझतात. ते विझले की मी श्वास सोडतो.

काल ते विझायला फार वेळ लागला, जणू रस्ता ओलांडणारं जे काही होतं ते मधेच थांबलं होतं.