पुढचं वाक्य

इंग्रजीच्या वर्गातल्या मावशींचं पत्र आलं त्याच दिवशी सर उत्तर लिहायला बसले होते. लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. पत्रात मागणं एवढंसंच होतं: ‘नात फोनवर हॅलो म्हणते आणि गप्प होते. तिला आपली भाषा येत नाही. हॅलोच्या पुढे मी काय बोलू, ते एक वाक्य लिहून द्या. हॉस्पिटलात आहे. तिच्यासाठीच तर वर्गाला येत होते.’

एक वाक्य! पण सरांचा जन्म पुस्तकांत गेलेला. एक फार पुस्तकी वाटे, दुसरं फार कोरडं. आपल्यालाच कुठं धड इंग्रजी येतं, या शंकेनं पेनाला पुन्हा टोपण लागे. असं करता करता मावशी गेल्याचा निरोप आला.

निवृत्तीनंतर सर त्या वर्गातले टॅबलेट सांभाळत. मोठ्या वयाचे विद्यार्थी हेडफोन लावून ॲपशी इंग्रजीत बोलत. ॲप प्रश्न विचारी, उत्तर रेकॉर्ड करी, गुण देई. ती रेकॉर्डिंगं ऐकून चुका लिहून ठेवायच्या, हे सरांचं काम. समोरासमोर बोलावं लागत नसे, म्हणून त्यांना ते मानवलं होतं.

“सर, मावशींचं खातं बंद नाही केलंत?” एका दुपारी वर्गाच्या बाईंनी विचारलं. “त्यांच्या नावावर रोज सराव पडतोय. कोण बसतं हो तिथं?”

“त्यांचा टॅबलेट कपाटात आहे. चार्जसुद्धा केलेला नाही.”

“मग ॲपला वेड लागलं असेल. तुम्हीच ऐका. मला नको बाई.”

सरांनी हेडफोन लावला. आधी नुसती पंख्याची घरघर. मग फरशीवरून ढकलत नेलेल्या स्ट्रेचरची चाकं. मग मावशींचा धाप लागलेला आवाज: “हॅलो, माय डिअर.” पुढे शांतता. ॲप गोड आवाजात म्हणालं, “छान! पुढे बोला.”

पुन्हा शांतता.

नंतरची रेकॉर्डिंगंही तशीच. फक्त ते तीन शब्द दिवसेंदिवस सुधारत चालले होते. मावशींना ‘डिअर’ कधी नीट जमलं नव्हतं. आता ॲप पैकीच्या पैकी गुण देत होतं.

बाईंनी सरांदेखत ते खातं पुसून टाकलं. दुसऱ्या दिवशी ते होतं तिथंच होतं, आणि खाली नवं रेकॉर्डिंग.

“हॅलो, माय डिअर.”

शांतता. या वेळी ॲपही काही बोललं नाही.

मग अगदी हळू, माइकला ओठ टेकवल्यासारखं:

“सर, ती फोनवर थांबलीय. पुढे काय म्हणू?”

सरांनी कागद ओढला. खोडाखोड केली नाही. मावशींना वाचता यावं म्हणून त्यांच्या ओळखीच्या अक्षरांत लिहिलं: ‘व्हॉट मेड यू लाफ टुडे?’ खाली अर्थ: ‘आज तुला कशाचं हसू आलं?’ आणि त्याखाली: ‘उशीर झाला, मावशी.’

पाकिटावर मावशींच्या पत्रातला हॉस्पिटलचा पत्ता घातला. वॉर्ड, खाट, सगळं.

“अहो, कुणाला पाठवताय?” बाई दारातून म्हणाल्या. “डोकं ठिकाणावर आहे ना?”

“माहीत नाही. पण ती पोर थांबलीय.”

कोपऱ्यावरच्या टपालपेटीत पाकीट अर्धं गेलं आणि सर सवयीनं थबकले. वाक्य बरोबर आहे ना? याहून सोपं सुचलं असतं का? बोटं सुटेनात.

आतून कुणीतरी पाकीट अलगद ओढून घेतलं.