दम लागेल असं बोलायचं नाही

तळ्याच्या वळणावर ती कमरेवर हात ठेवून लोहाराच्या भात्यासारखी धापा टाकत होती, तेवढ्यात मागून आवाज आला, "पाठीमागे वाघ लागलाय का?"

तिने मान वर केली. घामाने निथळलेला एक तरुण, पण श्वास बघा – झोपलेल्या बाळासारखा!

"तु... तुम्हाला काय..."

"राहू द्या. आधी श्वास, मग भांडण." तो हसला. "ज्या वेगात बोलता येत नाही ना, तो वेग आपला नसतो. उसना असतो."

दुसऱ्या दिवशी ती त्याच वेळी आली. अगदी सहज हं! तोही आला. तोही सहजच.

पेशाने तो जमिनीचा मोजणीदार, वेड मात्र लांब पल्ला धावायचं. ती चष्म्याच्या काचा घासण्याच्या कारखान्यात नव्यांना काम शिकवायची. म्हणून ती झाली 'मास्तरीण' आणि तो 'लांबपल्ल्या'. 'अहो'चं 'अरे' कधी झालं, ते तळ्याच्या पाण्यालाच ठाऊक.

"काय गं मास्तरीण, आज तोंड का पाडलंस?"

"नवी माणसं टिकतच नाहीत रे. आठवड्यात पळून जातात. साहेब म्हणतात, शिकवणाऱ्यातच खोट आहे."

"पहिल्या दिवशी काय शिकवतेस?"

"सगळंच! काच पारखणं, मशीन लावणं, घासणं, चकाकी देणं..."

"म्हणजे पहिल्याच दिवशी अख्खी शर्यत! अगं, अर्धा पल्ला होईतो जोर राखून ठेवायचा. आणि मधे विसावा. पाय पळताना घडत नाहीत, विसाव्यात घडतात."

तिने ते पदराला बांधलं. नव्यांनी पहिला आठवडा फक्त खिडकीशी काच धरायची – ओरखडा कुठे, बुडबुडा कुठे, ते डोळ्यांना शिकवायचं. मशीनला हात नाही. दुपारी नवं काही नाही, कालचंच पुन्हा. "मुरू द्या," ती म्हणायची. साहेब करवादले, "काच बघत बसायचा पगार देतो का मी?" पण माणसं टिकली. काचा फुटायच्या थांबल्या. एके दिवशी साहेबांनी आपणहून तिच्या टेबलावर चहा पाठवला.

हे सांगायला ती भुरभुरत्या पावसात धावत आली. त्याने आपली टोपी काढून तिच्या डोक्यावर ठेवली. "मास्तरीण पास!" टोपी नीट करताना त्याचं बोट तिच्या कानाला लागलं, आणि उभ्या जागी तिला धाप लागली.

"मास्तरीण... एक विचारू?"

त्याचे डोळे हसत नव्हते. तिला कळलं. कळलं म्हणूनच ती घाबरली.

"दम लागेल असं असेल तर नको," ती हसून म्हणाली. "एवढ्यात नको. राखून पळायचं, तूच सांगितलंस ना?"

तोही हसला. मग तसाच रिवाज पडला – हवापाणी, साहेबांची नक्कल, त्याच्या मोजणीवर कुंपणावरून भांडणारे भाऊ... सगळं बोलायचं, दम लागेल असं तेवढं नाही. ती मनाशी म्हणायची, कारखान्यात मुरलं, तसं हेही मुरेल. घाई कसली?

तळ्याकाठची पानं झडली, नवी आली. आणि एका सकाळी तो पळता पळता, त्याच संथ सुरात म्हणाला, "मास्तरीण, माझं लग्न ठरलं."

तिला बोलता येईना. त्याने पाहिलं आणि पाऊल आखडलं. "वेग जास्त झाला का?"

ती थांबलीच. "कोण ती?"

"आईच्या मैत्रिणीची मुलगी. पहिल्याच भेटीत तिने सरळ विचारलं, आवडले का मी? म्हणून."

"मी विचारणार होते रे."

"कधी?"

तिने खाली वाकून बुटाची नाडी उगाचच सोडून पुन्हा बांधली.

"मी विचारायला आलो होतो," तो हळूच म्हणाला. "तू थांबवलंस. किती थांबायचं, तेवढं सांगितलं नाहीस."

"राखून ठेवायचं तूच शिकवलंस ना!"

"शर्यतीत शेवटची रेघ कुठे आहे ते ठाऊक असतं गं. म्हणून राखता येतं. इथे कुठे होती रेघ?"

"आता... मोडता नाही येणार?"

त्याने पाण्याकडे तोंड वळवलं. "तिचा काय दोष?"

"काहीच नाही," ती म्हणाली. आणि ते खरं होतं, म्हणून जास्त बोचलं.

"उद्या येशील?" त्याने विचारलं.

"नाही."

तो एकटाच पुढे गेला. इतके महिने तिने त्याला शेजारून पाहिलं होतं. त्याची पाठ आज पहिल्यांदाच दिसली. कशी रुंद होती... आणि किती लवकर लहान झाली.

कारखान्यात कालच लागलेली एक मावशी खिडकीशी काच धरून बसली होती.

"ताई, डोळे शिणले हो बघून बघून. मशीनला हात लावू का? नाही, म्हणजे... घाई नाही हं."

'मुरू द्या' हे शब्द ओठांशी आले, आणि कडू लागले.

"लावा मावशी. आत्ताच लावा."

"अगंबाई! आणि फुटली तर?"

"फुटू दे. कळेल तरी."

मशीन घरघरलं. पहिल्याच स्पर्शाला काच तडकली. मावशी ओशाळून हसली. मास्तरणीने दुसरी पुढे केली. कारखान्यात काचांना तोटा नव्हता.