रिकामे जाणारे तेवीस किलो

शिलाईमशीनच्या डोक्याचं वजन अठ्ठावीस किलो. फळ्यांच्या पेटीत बसवलं की एकतीस.

*

मलबारातल्या कुट्टियाडीच्या बाजारात खोबऱ्याच्या वखारीतला काटा कुणाची भीडभाड ठेवत नाही. म्हणून गल्फला निघालेला गावातला प्रत्येक डबा आधी त्याच्यावर चढतो.

*

"कोचीहून दुबईला बोट पुढच्या ओणमला सुरू होणार." गाव हे बारा ओणम ऐकतंय.

*

जुमानाच्या उजव्या गुडघ्यावर रुपयाएवढा घट्टा आहे. भरतकामाच्या मशीनची दांडी गुडघ्याने रेटायची असते. जितकं रेटाल तितका टाका रुंद.

*

शेजारणीने लेकासाठी दिलेली लोणच्याची बरणी "नाही नेत" म्हणणारा माणूस गावात एकच.

४५

मोइदूक्काच्या तिकिटांच्या दुकानात पंखा होता, पण तो फक्त मोइदूक्काकडेच वळायचा. बाहेर मीनम महिन्याचं, मार्चअखेरचं ऊन. जुमानाने ओढणीच्या टोकाने कपाळ टिपलं आणि खुर्ची पुढे ओढली.

"पंचेचाळीस किलो. आठ तारखेला निघायचं, नऊला शारजात हजर. सगळ्यात स्वस्त कसं, ते सांगा."

"स्वस्त आणि पंचेचाळीस किलो," मोइदूक्का म्हणाला, "ही दोघं एका घरात नांदत नाहीत, पोरी."

"नांदवायची. सांगा तुम्ही."

त्याने बोटांवर मोजत सांगायला सुरुवात केली. तिने हिशोब आधीच मांडून आणला होता, एका ब्लाऊजच्या कागदी बेतावर, बाहीच्या जागेत:

बोटीने माल — अगदी स्वस्त. सहा आठवडे. ईद होऊन जाईल. नाही.

विमानाने माल — तिकडे जकातीचे कागद, आणि सोडवायला ओळखीचा माणूस. नाही.

मोठ्या कंपनीचं तिकीट, चाळीस किलोवालं — भाडं दुप्पट, तरी पाच किलो बाहेरच. नाही.

मुंबईवरून वळसा — भाडं कमी, सामान वीसच किलो. नाही.

"आणि मशीन इथे विकून तिकडे नवी—"

"हे परत बोलू नका, मोइदूक्का."

शारजातल्या शिवणघराच्या मालकिणीने फोनवर स्वच्छ सांगितलं होतं. स्वतःची मशीन घेऊन आलीस तर निम्म्या वाट्याची भागीदार. रिकामी आलीस तर पगारी. आणि नऊला ईदचं काम सुरू. दहाला आलीस तर तुझ्या खुर्चीत दुसरी बसलेली असेल. पगारी तर जुमाना इथेही होती, सात वर्षं.

मोइदूक्का डोकं खाजवत म्हणाला, "एक रस्ता आहे. तीस किलोवाल्या स्वस्त विमानात दोघांचं मिळून एकच तिकीट काढायचं. मग वजन एकत्र धरतात. तीस नि तीस साठ, कुणाचं किती ते बघत नाहीत. पण त्याला रिकाम्या हातांनी गल्फला जाणारा माणूस लागतो. आणि असा माणूस अल्लाहने मलबारात घडवलेला नाही."

"घडवलाय," कोपऱ्यातून आवाज आला.

बाकावर एक तरुण बसला होता, वर्तमानपत्राने वारा घेत. बोलून गेल्याचा त्याला लगेच पश्चात्ताप झालेला दिसला. अजनास! बरणी नाकारणारा तोच. शारजात छापखान्यात कामाला, सुट्टीवर आलेला.

"तुमचं सामान किती?" जुमानाने विचारलं.

"सात किलो."

"आणि उरलेले तेवीस?"

"रिकामे जातात."

ती त्याच्याकडे टक लावून बघत राहिली. म्हणजे त्याच्याकडे नाही... त्याच्या तेवीस किलोंकडे. पण किलोंना पापण्या नसतात, आणि याच्या पापण्या चांगल्या लांब होत्या. तिने नजर काढून घेतली.

"कधी निघताय?"

"आठला. पण मी कुणाचं काही नेत नाही. गावाला विचारा."

"तुम्ही कुठे नेताय? मीच नेणार. तुम्ही नुसतं शेजारी उभं राहायचं."

"नाही," तो म्हणाला, आणि वर्तमानपत्र तिथेच टाकून उठला.

दुसऱ्या दिवशी सकाळी वखारीपुढे रिक्षा थांबली. वखार अजनासच्या मामाची. सुट्टीत काट्यावर तोच बसायचा. जुमानाने पेटी उतरवायला घेतली. एकटीने. पहिल्या हिसक्याला ती हलली नाही, दुसऱ्याला हलली, आणि तिसऱ्याआधी अजनासचे हात दुसऱ्या बाजूला आले.

"हट्टी आहात."

"मशीन जड आहे. मी नाही."

पेटी चढली : एकतीस. मग कपडे, धाग्यांची रिळं, भरतकामाच्या रिंगा : पंचेचाळीस. काटा थरथरून थांबला.

"खरंच पंचेचाळीस," तो म्हणाला. "लोक दोन-तीन किलो कमी सांगतात. नेहमी."

"मला खोटं बोलून स्वस्तात नाही जायचं. खरं बोलून स्वस्तात जायचंय."

तो हसला. पहिल्यांदाच. खोबऱ्याच्या वासात ते हसू जरा वेळ तसंच राहिलं.

"तुम्ही रिकामे का जाता?" तिने विचारलं.

त्याने काट्यावर नसलेली धूळ पुसली. "उम्मा, माझी आई, होती तेव्हा माझाही डबा चाळीस किलोचा असायचा. तिला बांधताना आवरायचंच नाही. ती गेली... त्यानंतर एकदा नेले मी दुसऱ्यांचे. बारा जणांच्या आयांनी बांधलेले बारा डबे. तिकडे पोचून वाटले. सगळे उघडून हुंगत बसले होते आणि मी..." तो थांबला. "पुन्हा नाही जमलं."

जुमानाला "अरेरे" म्हणता येत नसे. ती फक्त म्हणाली, "माझ्या पेटीत कुणाच्या आईचं काही नाही. लोखंड आहे."

पेटीचा एक खिळा अंगठ्याने दाबत तो म्हणाला, "लोखंड चालेल."

५२

पंचेचाळीस अधिक सात. वर आठ किलोंची ऐसपैस जागा. तिकिटाच्या कागदावर दोन नावं, एकाखाली एक.

मोइदूक्काने ते छापलं, आणि दुपारच्या नमाजानंतर मशिदीसमोरच्या चहाच्या टपरीवर फक्त एवढंच म्हणाला, "दोघांचं एकच तिकीट काढलं आज."

असरच्या नमाजापर्यंत गावात निकाह लागून गेला होता.

"निकाहाला दोन साक्षीदार लागतात," जुमानाची उम्मा कमरेवर हात ठेवून म्हणाली. "या पोरीला छपाईचं यंत्र पुरलं!"

"उम्मा, ते सामानासाठी आहे."

"हो का? मग तो सामान न्यायला आपल्याकडे चार वेळा कसा आला? काल तर पेटीचे खिळे मोजायला आला होता."

"खिळे सैल होते."

"खिळेच?"

जुमानाने सुई तोंडात धरली. तोंडात सुई असली की उत्तर द्यावं लागत नाही.

७१

गल्फला निघालेल्या नव्या जोडप्याला आपल्या लेकासाठीचं पार्सल द्यायचं, हा तिथला मान असतो. आणि जोडप्याला द्यायचं तर दोघांच्या वाट्याचं, दुप्पट. सात तारखेच्या सकाळी जुमानाच्या ओसरीवर सतरा घरची पार्सलं होती. काळा हलवा, केळ्याचे काप, लिंबाचं लोणचं, फणसाचे तळलेले गरे. कदीजात्ता तर रिक्षातून आली, तीन किलो हलवा मांडीवर घेऊन.

"अजनास कुणाचं नेत नाही, पण बायकोला थोडाच नाही म्हणणार?" ती म्हणाली आणि जुमानाचा गालगुच्चा घेऊन गेली.

वखारीतल्या काट्याने एकाहत्तर दाखवले. साठच्या वर एकही नको.

"मी परत करून येतो," अजनास म्हणाला. "घरोघर. मला शिव्या खायची सवय आहे. तुम्ही घरी थांबा."

"आणि गाव तुम्हालाच वाईट म्हणणार?"

"गाव आधीच म्हणतं. फुकटात तुमचं एक काम होईल."

तिने त्याच्याकडे पाहिलं. याच्या सात किलोत कुणाच्याही हातचं काही नव्हतं, आणि हा तिच्यासाठी सतरा दारांतून शिव्या घ्यायला निघाला होता. तिच्या गुडघ्याने नकळत खुर्चीच्या पायाला रेटा दिला.

"नाही," ती म्हणाली. "पेटी उघडा."

"आता? खिळे ठोकलेत—"

"खिळे तुम्हीच मोजलेत. काढा."

मशीन परत घरातल्या टेबलावर बसली, पट्टा चढला. जुमानाने उरलेल्या सुती कापडाच्या पिशव्या कापल्या, तळहाताएवढ्या. प्रत्येक पिशवीवर एक नाव : फिरोस, अन्सार, कुंजबदुल्ला. लाल धाग्याने, वळणदार मल्याळम अक्षरं. अजनास एका बाजूला धागे तोडत होता. उम्मा प्रत्येक पार्सलातून चारशे ग्रॅम काढून आधी कागदात, मग पिशवीत भरत होती, आणि उरलेलं माणसाच्या नावाने बाजूला ठेवत होती.

"'फ' जरा जाडा झाला," अजनास म्हणाला.

"फिरोसही जाडा आहे."

"त्याला सांगीन."

"सांगा. पिशवी मिळणार नाही."

मशीन टरटर चालू, दारात ऊन, दोघांच्या मध्ये कापडाचा ढीग हळूहळू कमी होत गेलेला. कात्री मागताना एकदा बोटं लागली. मग कात्री जरा जास्तच वेळा हरवू लागली... दोघांचीही.

दुपार कलली तेव्हा बायका एकेक करून बघायला आल्या. भांडायच्या तयारीनेच आल्या होत्या. कदीजात्ताने पिशवी उचलली, लेकाच्या नावावरून अंगठा फिरवला, दोनदा.

"उरलेला हलवा?" तिने विचारलं.

"तुमचा आहे, न्या," जुमाना म्हणाली. "खरं सांगते आत्ता. तुमचा हलवा नेला तर माझी मशीन राहते. मशीन राहिली तर मी जाऊन काय करू? नाव शिवून दिलंय. यापेक्षा जास्त एक ग्रॅम नेणार नाही."

सतरा घरच्यांना कुणी असं तोंडावर सांगितलं नव्हतं. अजनासही आजवर नुसतं "नाही नेत" म्हणायचा, कारण सांगायचा नाही.

"'नेणार नाही' कशी म्हणते बघा," कदीजात्ता शेवटी म्हणाली. "शोभतेस त्याला." आणि उरलेला हलवा घेऊन गेली.

सतरा पिशव्या झाल्या. जुमानाने पट्टा उतरवला नाही. अठरावी कापली. अजनास धागा तोडायला पुढे झाला, आणि अक्षरं उमटू लागली तसा त्याचा हात जागच्या जागी राहिला. *अ... ज...*

"हे कुणाचं?" त्याने विचारलं. उगाच.

"गावात या नावाचा दुसरा असेल तर सांगा."

पिशवी तिने उम्माकडे दिली. उम्मा कुणाच्याही ढिगाकडे वळली नाही. आत गेली, आणि सकाळी घरच्यासाठी केलेला उन्नक्काय घेऊन आली, केळ्याच्या पारीत खोबरं भरून तळलेला, अजून तुपाने चमकणारा. भरताना तिने वजन केलं नाही.

अजनासने पिशवी नाकाजवळ नेली. बराच वेळ तशीच धरली. मग उठून अंगणात गेला, आणि पाठमोराच म्हणाला, "पेटीला खिळे... मी ठोकतो. थोड्या वेळाने."

५९.४

करिपूर विमानतळ, आठ तारीख. पट्ट्यावर आधी पेटी, मग बॅग, मग पिशव्यांचं बोचकं, सगळ्यांत शेवटी अजनासची सात किलोंची पिशवी, जी आता सात किलोंची राहिली नव्हती. जुमाना लाल आकड्यांकडे बघत होती. अठ्ठावन्न... साठ... आणि मागे फिरून एकोणसाठ पूर्णांक चार.

तिने श्वास सोडला. पेटी हलली, काळ्या पट्ट्यांच्या पडद्याआड गेली. मशीन निघाली. आता तिला कुणी पगारी म्हणू शकणार नव्हतं.

"दोघं एकत्र?" काउंटरवरच्या मुलीने मान वर न करता विचारलं.

अजनासने तोंड उघडलं. जुमाना आधी बोलली.

"एकत्र."

मुलीने दोन कागद छापून पुढे केले. ते रांगेतून बाजूला झाले. अजनास कागदाची घडी घालत राहिला, एक, दोन, तीन, घडी फार बारीक होईपर्यंत.

"ती... सामानाचं विचारत होती," तो म्हणाला.

"मी सामानाचं सांगत नव्हते."

त्याने घडी उलगडली. पुन्हा घातली. "जुमाना, मी... म्हणजे गाव काय म्हणतं त्याच्यावरून मी नाही... मी त्या दिवशी वखारीत, तुम्ही पेटी एकटीने ओढत होतात ना, तेव्हापासून—"

"माहीत आहे."

"मग तुमच्या उम्माला कधी...?"

"उम्माला मी पहाटेच सांगितलं," ती म्हणाली, आणि आता मात्र तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "तुला तेवढं सांगायचं राहिलं होतं."

मशीन तिने चार वर्षांपूर्वी कोइंबतूरहून बसने आणली होती. दोन पायांच्या मध्ये ठेवून, सहा तास, एकटीने.