चिंबोरीचा श्रावण

चिकनच्या दुकानासमोर प्रेमात पडायचं, असं कुणी ठरवून घराबाहेर पडत नाही. मेघालीही पडली नव्हती. ती कोंबडीच्या माना घ्यायला आली होती, आणि मानांची शेवटची पिशवी एक उंच, सावळा मुलगा आरामात उचलत होता.

"ओ... ती माझी आहे! मी चाचांना फोन करून ठेवलाय."

"माझे आठजण उपाशी बसलेत," तो म्हणाला. "तुमच्याकडे किती?"

"एकच. पण ती आठांना भारी आहे."

तो हसला. दापोड्याच्या एका गोदामात तो सुपरवायझर होता आणि गेटवरच्या कुत्र्यांसाठी तिथंच रोज माना घालून भात शिजवायचा. हे ऐकून मेघाली कडाडलीच.

"हाडासकट शिजवता? अहो, शिजलेलं हाड काटकीसारखं फुटतं, आतडं फाडतं. कच्च्या द्या, नाहीतर हाडं काढून द्या."

"कच्च्या? कुत्रे आहेत ते, वाघ नाहीत."

"त्यांचे दात बघा एकदा. मग बोला."

दुकानवाल्या चाचांनी वैतागून पिशवीचे दोन भाग केले. "आधा-आधा ले जाओ. झगड़ा घर जाके करना!"

घर जाके! मेघाली पैसे देऊन जी निघाली, ती पार रिक्षात बसेपर्यंत मागे वळली नाही. वळली असती तर तो अजून तिथंच उभा दिसला असता.

त्याचं नाव धम्मपाल. हे तिला पुढच्या खेपेस कळलं, आणि मग खेपा वाढल्या. दोघांनाही रोज माना लागतातच, त्यात कुणाचा काय दोष?

मेघालीची 'एकच' म्हणजे तिची कुत्री, चिंबोरी. पिल्लू असताना खेकड्यासारखी तिरकी चालायची, म्हणून हे नाव. दूध-चपाती आणि बिस्किटांवर वाढलेल्या चिंबोरीला मध्ये अशी खाज सुटली, की पाठीवर केस उरले नाहीत. औषधं झाली. शेवटी डॉक्टर म्हणाले, खाणं बदलून बघा. मेघालीने त्यांना विचारून, मोजूनमापून कच्चं सुरू केलं. माना, काळीज, पोटा, जोडीला थोडा उकडलेला भोपळा. हळूहळू चिंबोरीची पाठ पुन्हा काळीभोर झाली. घरच्या फ्रिजमधला खालचा कप्पा तिचा झाला.

आणि श्रावण आला.

"देवाच्या महिन्यात रगताचं भांडं माझ्या घरात न्हाय चालनार गो," रंगूबाई लेकीला म्हणाली. "दहीभात खाईल तर ऱ्हाईल. न्हायतर गणेशपुरीला मामाकडं धाडते तिला. शेतावर ऱ्हाईल मजेत."

"आय, तिची पाठ आठव. पुन्हा तशी करायची?"

"मग तूच बघ तुजं."

मेघालीने बघायचं ठरवलं. आईचा श्रावण मोडायचा नाही, आणि चिंबोरीला कुठं धाडायचंही नाही. उपाय तिला लगेच सुचला. इतका लगेच, की तो कुठून सुचला हे तिने स्वतःला विचारलंच नाही.

"महिनाभर तुमच्या फ्रिजमध्ये ठेवाल का?" दुकानासमोर तिने धम्मपालला विचारलं. "तुमच्याकडे काय... श्रावण नसतो ना?"

त्याने हातातली पिशवी खाली ठेवली.

"श्रावण नसतो. आम्हा बौद्धांचा वर्षावास असतो," तो म्हणाला. "आषाढी पौर्णिमेपासून अश्विन पौर्णिमेपर्यंत आमची आई घरात मटण-मच्छी आणू देत नाही. तुमचा एक महिना, आमचे तीन."

मेघालीचे कान तापले. "मला वाटलं... तुमच्याकडे..."

"बारा महिने चुलीवर तेच असतं?" तो हसला, पण नेहमीसारखं नाही.

"हो. तसंच वाटलं," ती सरळ म्हणाली. "न विचारता धरून चालले. चुकलं माझं. राग आला असेल तर या, भांडा."

ती तशीच उभी राहिली. पळाली नाही. धम्मपालने तिच्याकडे बघितलं... जरा जास्तच वेळ.

"भांडायला वेळ नाही. ड्युटी आहे," तो म्हणाला. "तुमच्या घरात नाही, माझ्या घरात नाही. मग घरातच कशाला? तिला इथं आणा रोज सकाळी. मागं मोकळं मैदान आहे. ताजं घ्यायचं, तिथंच खाऊ घालायचं."

दुसऱ्या दिवसापासून मैदानात चिंबोरीची पंगत बसली. पाऊस आला की धम्मपाल छत्री उघडायचा आणि ती चिंबोरीच्या डोक्यावर धरायचा. मेघाली भिजत उभी.

"मॅडम, जेवणारा भिजता कामा नये."

"आणि वाढणारी?"

"ती... भिजलेली छान दिसते."

चिंबोरी कडाकड हाडं फोडत होती, म्हणून मेघालीला काहीच ऐकू आलं नाही. निदान तिने चेहरा तरी तसाच ठेवला. हात धुवायला तो बाटलीतून पाणी ओतायचा आणि बाटली रिकामी व्हायला उगीच फार वेळ लागायचा.

श्रावणाच्या शेवटच्या सकाळी रंगूबाई मैदानात येऊन उभी राहिली. गावात कुणीतरी तिचे कान भरले होते.

"तूच काय रं तो? कोनाचा तू?"

ती काय विचारतेय, ते दोघांनाही कळलं.

"दापोड्याच्या वाल्मीकरावांचा. बौद्धवाडीतला. धम्मपाल," तो म्हणाला. आवाज खाली गेला नाही.

रंगूबाईने चिंबोरीच्या पाठीवरून हात फिरवला. "उद्या सरावन संपला. तिचं घरात आन, मी काय बोलनार न्हाय. हितं यायचं काम न्हाय आता."

हेच तर मेघालीला हवं होतं महिनाभर! पण आता तेवढंच पुरेसं नव्हतं. आता नाही बोलले, तर मग कधीच नाही.

"आय, चिंबोरी उद्यापासून घरी जेवंल. मी मातर येनार. रोज. याच्यासाठी."

धम्मपालच्या हातातली छत्री कलंडली. रंगूबाई त्याच्याकडे वळली.

"तुजी आय तो वर्षावास तीन महिने पालते?"

"हो मावशी."

"माजा तर एकानंच जीव जातो," ती पुटपुटली. मेघालीच्या हातातली साखळी तिने काढून घेतली. "चल गो, चिंबोरे."

दोघी चिखलातून निघाल्या. लेकीला मात्र ती 'चल' म्हणाली नाही.

"मेघाली..." धम्मपाल म्हणाला. 'मॅडम' आज पहिल्यांदाच गळून पडलं होतं. "आज संध्याकाळी माझ्या आईला भेटशील?"

"भेटेन."

"तिलाही असंच सांगशील?"

"तिला तू सांगायचं," मेघालीने चेहऱ्यावरचं पाणी पुसलं. "माझं सांगून झालं."